कापा, पण त्रिकोण तरी दाखवा

प्रति,
मुलांच्या वाहिन्यांवर काय लागावं हे ठरवणारे कार्यक्रम-प्रमुख, त्यातलं काय गाळावं हे ठरवणारे 'स्टँडर्ड्स अँड प्रॅक्टिसेस'वाले, आणि जुन्या कार्टूनांचे हक्क ज्यांच्या कपाटात आहेत त्या कंपन्या यांस,

स. न. वि. वि.

दिवाळीच्या सुट्टीत माझा सहा वर्षांचा भाचा आमच्याकडे ठाण्याला राहायला आला होता. एका दुपारी चकल्यांचा डबा मधे ठेवून तो आणि माझी आई टीव्हीसमोर बसले होते. टॉम अँड जेरीचं 'द टू माउस्केटिअर्स' लागलं होतं, फ्रान्सच्या राजवाड्यातलं. राजाच्या मेजवानीचं टेबल राखायचं काम टॉमवर, आणि राखता आलं नाही तर गिलोटिन, अशी सुरुवातीलाच ताकीद. जेरी आणि त्याचा चिमुकला चेला तलवारी परजत येतात, हाणामारी होते, टेबलाची वाट लागते. आणि मग एकदम बिस्किटांची जाहिरात.

"मग बोक्याचं काय झालं?" भाच्याने विचारलं.

आई सांगायला गेली आणि थांबली. माझ्याकडे वळून म्हणाली, "अगं, ते शेवटचं कुठे गेलं? ढोल वाजतो, लांबवर ते उंच पातं दिसतं, खाली येतं. तो धाकटा उंदीर आवंढा गिळतो, फ्रेंचमधे काहीतरी 'बिच्चारं मांजर' म्हणतो आणि खांदे उडवून चालायला लागतो."

आईने ते लहानपणी मेट्रोत पाहिलेलं. ती गिरगावातली. धोबी तलावाचं मेट्रो थिएटर १९३८ साली एमजीएम कंपनीनेच उभारलं आणि टॉम अँड जेरीही त्याच कंपनीचं. त्यामुळे मोठ्या पिक्चरच्या आधी ते हटकून असायचं. मामा तिला घेऊन जायचा. पिक्चर कुठला होता ते तिला आठवत नाही, पातं आठवतं.

ते पातं कुठे गेलं हे मला मात्र विचारावं लागलं नाही. माझ्यासारख्याच कुणीतरी ते कापलं होतं.

मी साउंड एडिटर आहे. मुंबईच्या स्टुडिओंमधून सव्वीस वर्षं हेच काम करते आणि त्यातली काही वर्षं मी तुमच्यासाठी कार्टूनं कापली आहेत. कुठल्या वाहिनीसाठी ते इथे लिहीत नाही, कारण भांडण एकीशी नाही. तुमच्याकडून एक्सेलचा कागद यायचा. डावीकडे टाइमकोड, म्हणजे कुठल्या सेकंदाला कापायचं ते, उजवीकडे कारण: 'बंदूक', 'सिगार', 'डोक्यात हातोडा, इम्पॅक्ट कापा'. चित्र एडिटर कापायचा आणि आवाजातली भोकं बुजवायला फाइल माझ्याकडे यायची. पैसे वेळेवर मिळायचे. तेव्हा हे पत्र चोख हातांनी लिहितेय असा माझा दावा नाही.

पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार ही, की तुम्ही गुपचूप कापता.

लहानपणी मामाबरोबर मीही थिएटरात जायचे, ऐंशीच्या दशकात. पिक्चरच्या आधी पडद्यावर सेन्सॉरचं सर्टिफिकेट यायचं. त्यावर त्रिकोणाची खूण असली की मामा कोपराने ढोसायचा, "बघ, आपलं काहीतरी काढून घेतलंय." पिक्चरला कट लागले असले की सर्टिफिकेटवर तो त्रिकोण यायचा आणि दुसऱ्या भागात काय आणि किती कापलं याची नोंद असायची. आपल्या सेन्सॉर बोर्डाला लोकांनी काय कमी शिव्या घातल्या? मीही घातल्यात. पण बोर्डाने निदान पावती दिली. कापलं आहे, इतकं कापलं आहे, आणि हे आम्ही कापलं आहे.

तुमच्या वाहिनीवरच्या कार्टूनला तसलं काहीच नसतं. सात मिनिटांचं कार्टून सहा मिनिटांचं होतं आणि सुरुवातीची पाटी तशीच राहते, दिग्दर्शकाच्या नावासकट. विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा यांनी हे असंच बनवलं, असं तुम्ही माझ्या भाच्याला सांगत असता. 'द टू माउस्केटिअर्स'ला ऑस्कर मिळालं होतं. आईची आठवण शाबूत नसती तर आमच्या घरात सगळ्यांनी हेच धरून चाललं असतं, की ऑस्करवाल्यांना शेवट नसलेली गोष्ट आवडली.

आणि शेवट कापलात, तर धमकी का ठेवलीत? मान उडवू असं सुरुवातीला म्हटलेलं पोरानं ऐकलं. पुढे काय झालं हे कळलं नाही म्हणून तर त्याने विचारलं. मूळ चित्रात टॉम दिसतसुद्धा नाही. लांबून पातं पडतं, बस. शिवाय पुढच्या सात मिनिटांत टॉम धडधाकट उंदरामागे धावत असतो, हे सहा वर्षांच्या पोराला तुमच्याआधी माहीत असतं.

दुसरी तक्रार माझ्या धंद्यातली आहे, जरा लांबेल.

हॅना-बार्बेराने एमजीएममधे १९४० ते १९५८ या काळात टॉम अँड जेरीची ११४ कार्टूनं केली. एखाददुसरं सोडलं तर सगळ्यांचं संगीत स्कॉट ब्रॅडलीचं. त्याच्या कामात चित्र आणि सूर वेगळे काढताच येत नाहीत. सेकंदाला चोवीस फ्रेम, म्हणजे दर बारा फ्रेमला एक ठोका धरला तर मिनिटाला एकशेवीस. टॉमचं पाऊल, भुवई, शेपटीला बसलेला चिमटा, सगळं त्या हिशोबावर बसवलेलं. मोलकरणीची पावलं जिन्यावरून येतात तेव्हा आधी वाद्यं उतरतात, मग सपाता दिसतात. टॉमची ती जगप्रसिद्ध किंकाळी खुद्द हॅनाच्या गळ्यातली आहे आणि तीही तालात पडते.

आता त्यातून तीन पूर्णांक सात सेकंद काढा. सरळ चार काढले असते तर निदान आठ ठोके पुरे गेले असते, पण कागदावर तसं लिहिलेलं नसतं. मग मी काय करायचे? आधीच्या व्हायोलिनची शेपटी ओढून लांबवायची, पुढच्या ट्रम्पेटला हळूच आत घ्यायचं, जोडावर एखादा 'धप्प' चिकटवायचा. ऐकणाऱ्याला खटका कळू नये हेच माझं कौशल्य, आणि पगारही त्याचाच. तरी कळतोच. तबलजी तिहाई घेऊन समेकडे निघालाय आणि नेमक्या समेवर कुणीतरी माइक बंद केला, तर शास्त्र न शिकलेला माणूसही मान वर करून बघेल. लोक म्हणतात, "आता टॉम अँड जेरीत पूर्वीसारखी मजा नाही." वय झालं म्हणून नसेल ते. सम कापली जातेय.

याची वाईट रीत अमेरिकेनेच घालून दिली. वॉर्नर ब्रदर्सच्या लूनी ट्यून्स कार्टूनांमधे दिग्दर्शक चक जोन्सचं १९५१चं 'रॅबिट फायर' आहे. बग्स बनी आणि डॅफी डक भांडतायत, मोसम सशाचा की बदकाचा, आणि शिकारी एल्मर बंदूक घेऊन गोंधळून उभा. दर खेपेला बार डॅफीवर उडतो आणि त्याची चोच नव्या जागी फिरलेली असते, कधी डोक्याच्या मागे, कधी उलटी. तिथल्या नेटवर्कांनी पुढे शनिवार सकाळच्या कार्यक्रमांतून अशा कार्टूनांतले बारच काढून टाकले. बंदूक वर होते, चित्र हिसका खातं, चोच फिरलेली. म्हणजे इजा दाखवली, कारण लपवलं. असल्या कापाकापीतून मूल काय शिकणार? बंदुकीसमोर उभं राहिलं की चोच आपोआप फिरते?

मुलांच्या काळजीपोटी हे सुरू झालं, हे मला मान्य आहे. मॅसॅच्युसेट्समधल्या आयांनी १९६८ मधे 'ॲक्शन फॉर चिल्ड्रन्स टेलिव्हिजन' ही संघटना काढली, आणि तिथल्या वाहिन्यांनी मुलांच्या माथी जे मारलं होतं ते पाहता त्या बायकांचं बरंचसं बरोबरच होतं. माझ्या ह्याच भाच्याने चार वर्षांचा असताना माझ्या डोक्यात लाटणं घातलंय. टेंगूळ आलं होतं. तेव्हा 'मुलं नक्कल करत नाहीत' असं मी तुम्हाला ऐकवणार नाही. 'ब्लू कॅट ब्लूज'मधे टॉम आणि जेरी शेवटी रेल्वेच्या रुळांवर बसून गाडीची वाट बघतात. ते दुपारी दोनला, पोरं घरात एकटी असताना लावा असंही मी म्हणत नाही. लावूच नका त्या वेळेला. पण न लावणं वेगळं, आणि रूळ कापून उरलेलं 'हेच ते' म्हणून लावणं वेगळं.

तिसरी गोष्ट अवघड आहे. तिच्याबद्दल जपून लिहायला हवं.

त्या सपातांची मालकीण, जिला सगळे 'मॅमी टू शूज' म्हणतात, ती काळी बाई. तिचं बोलणं, तिचा थाट, सगळा तेव्हाच्या गोऱ्या अमेरिकेने काळ्या मोलकरणींवर थापलेला साचा होता आणि काळ्या अमेरिकन लोकांनी त्याला त्या काळीच हरकत घेतली होती. १९५२च्या 'पुश-बटन किटी'नंतर ती दिसली नाही. पण जुनी कार्टूनं टीव्हीवर आली तेव्हा, साठच्या दशकात, एमजीएमने काय केलं? चक जोन्सच्या हाताखालच्या लोकांकडून ती बाई पुसून तिच्या जागी गोरी बाई काढून घेतली. आवाज जून फोरेचा. 'सॅटर्डे इव्हिनिंग पुस'मधे तर तिच्या जागी एक शिडशिडीत गोरी तरुण पोरगी आणून बसवली. पुढे नव्वदच्या दशकात पुन्हा आवाज बदलला, थिया विडालचा आला.

यात जिचा गळा गेला ती लिलियन रँडॉल्फ. रेडिओवर नाव कमावलेली काळी अभिनेत्री, 'इट्स अ वंडरफुल लाइफ'मधली ॲनी. पडद्यावर तिचा चेहरा दाखवायचा नाही असं आधीच ठरलेलं, उरला होता फक्त आवाज. अपमान गोऱ्या स्टुडिओने लिहिला आणि तो सुधारायची वेळ आली तेव्हा पुसली गेली ती काळी बाई. आवाजाच्या धंद्यात असल्यामुळे मला हे जास्त लागतं, असेल. आमच्याही डबिंगवाल्यांची नावं पाटीवर येत नाहीत.

स्फोटानंतर तोंड काळं होऊन 'काळ्या माणसासारखं' दिसण्याचे जे विनोद आहेत ते वाईटच आहेत, आणि सहा वर्षांच्या पोरासमोर काही न सांगता ते यावेत असं मला वाटत नाही. पण त्यावरचा उपाय तुमच्याच घरात सापडलेला आहे. लूनी ट्यून्सचा २००५चा डीव्हीडी संच बघा. सुरुवातीला हूपी गोल्डबर्ग ही काळी अभिनेत्री येऊन सांगते, की ही चित्रणं तेव्हाही चूक होती आणि आजही चूक आहेत, तरी ती जशी होती तशी दाखवतोय, कारण लपवणं म्हणजे हे पूर्वग्रह कधी नव्हतेच असं म्हणण्यासारखं आहे. मिनिटाभराचं काम. आणि तेच वॉर्नर घराणं २०१३ मधे टॉम अँड जेरीच्या नव्या संचातून 'माउस क्लीनिंग' आणि 'कॅसानोव्हा कॅट' ही दोन कार्टूनं वगळायला निघालं. संग्राहकांनी आरडाओरडा केला, तर तो संचच बारगळला!

'ज्यांच्या भावना दुखावतात' त्यांना तुम्ही विचारता का, हाही एक प्रश्न आहे. लूनी ट्यून्समधला मेक्सिकन उंदीर स्पीडी गोन्झालेस, त्याला अमेरिकेतल्या वाहिनीने १९९९च्या सुमारास बाजूला ठेवलं, मेक्सिकन लोकांची थट्टा होते म्हणून. मेक्सिकन आणि लॅटिन लोकच म्हणाले, अहो, तो आमचा हिरो आहे, दरवेळी जिंकतो. २००२ मधे स्पीडी परत आला.

आपल्याकडच्या मालिकांत सावळ्या मुलीच्या रंगावरून टोमणे संध्याकाळी सातच्या ठोक्याला चालतात, जेवणाच्या ताटासमोर. तिथे कुणाचा एक्सेल कागद जात नाही. हे आपलं जाता जाता.

सिगारेट-सिगारबद्दल थोडक्यात. २००६ मधे ब्रिटनमधे एका प्रेक्षकाने तक्रार केली, की 'टेक्सस टॉम'मधे टॉम मांजरीवर छाप पाडायला एका हाताने सिगारेट वळून ओढतो आणि 'टेनिस चंप्स'मधे त्याचा प्रतिस्पर्धी सिगार ओढतो. ऑफकॉमकडे, म्हणजे तिथल्या प्रसारण-नियामकाकडे, एक तक्रार, आणि वाहिनीच्या मालकांनी दीड हजारांवर कार्टूनं तपासायला काढली. आपल्याकडे जुन्या सिनेमात नायकाने सिगारेट पेटवली की खाली तंबाखूची पाटी येते आणि गाणं चालू राहतं. पाटी कुणाला आवडत नाही, मलाही नाही, पण गाणं शाबूत असतं. तीच पाटी टॉमखाली लावा की. आणि फरकही करा. १९६० मधे 'फ्लिंटस्टोन्स' हे कार्टून सुरू झालं तेव्हा विन्स्टन सिगारेट त्याची प्रायोजक होती; त्यातले फ्रेड आणि बार्नी जाहिरातीत झुरके मारायचे. ती विक्री होती, ती गेली ते उत्तम झालं. टॉम सिगारेट वळतो ती शान मारायला, आणि त्या शानीचं शेवटी काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे.

आता एक व्यवस्थेची गोष्ट. केबल टीव्हीच्या १९९४च्या नियमांत मुलांच्या कार्यक्रमांत अपशब्द आणि हिंसेची उघड दृश्यं नसावीत अशी काळजी घ्यायला सांगितलं आहे. ठीक. २०११ पासून प्रसारकांच्या स्वनियमनाची तक्रार परिषदही आहे, तिची पट्टी तुमच्या पडद्याखालून सरकत असते. पण ती सगळी व्यवस्था 'जास्त दाखवलंत' म्हणणाऱ्यासाठी आहे. 'कमी दाखवलंत' म्हणायला मी कुठे जायचं? एकाने ओरड केली की तुमची कात्री चालते आणि दहा हजार जण गप्प बसून बघतात, त्यांचं गप्प बसणं कुठल्याच रकान्यात भरलं जात नाही. म्हणून हे खुलं पत्र.

कडा छाटण्याबद्दल तर बोलायलाच नको. जुनी चौकोनी चित्रं रुंद टीव्हीत कोंबायला वरून-खालून कापता, जेरीचे कान जातात. जाहिरातींना जागा करायला वेग वाढवता, सूर चढतो. ह्याला सेन्सॉर म्हणत नाहीत, पण कात्री तीच.

मागणं असं आहे.

कापलेल्या प्रत्येक कार्टूनच्या सुरुवातीला, तीन सेकंद का होईना, त्रिकोण दाखवा. 'प्रसारणासाठी संपादित', आणि किती सेकंद ते. तुमच्याकडे आकडा आहे. एक्सेलमधे बेरीज करून ठेवलेला असतो, मी पाहिलाय.

अखंड प्रत कुठेतरी ठेवा. रात्री दहानंतर ठेवा, ॲपवर पालकांच्या कुलपात ठेवा, गोल्डबर्गबाईंसारखं दोन शब्द आधी बोलून ठेवा. १९९५ मधे तुमच्यातलीच एक वाहिनी इथे आली तेव्हा दिवसभर कार्टूनं असायची आणि रात्री त्याच आकड्यावर एमजीएमचे जुने सिनेमे लागायचे. वेळ वाटून घेणं तुम्हाला जमत होतं.

लिलियन रँडॉल्फचा मूळ आवाज असलेली प्रत जपा आणि निदान पर्यायी ट्रॅक म्हणून द्या. नावासकट.

ज्या कार्टूनचा शेवटच कापावा लागतो ते दिवसा लावूच नका. दुसरं लावा, ११४ आहेत.

आणि तक्रारीच्या त्या पट्टीत एक ओळ वाढवा, 'काही गाळलं असं वाटत असल्यास इथे कळवा'. मी पहिल्या दिवशी कळवीन.

भाच्याला मी घरातल्या जुन्या डिस्कवरून शेवट दाखवला. आईने त्याचे डोळे झाकायला हात पुढे केला, त्याने तो बाजूला केला. ढोल, पातं, आवंढा, खांदे. तो काही वेळ गप्प होता. मग त्याने विचारलं, "टीव्हीवाल्यांकडची डिस्क खराब आहे का?" मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर पुढचं सगळं सांगावं लागलं असतं, एक्सेलचा कागद, आणि माझा त्यातला हात.

उत्तराची वाट पाहते. 'द टू माउस्केटिअर्स'ची कट लिस्ट पाठवलीत तर जास्त बरं. टाइमकोडसकट.

कळावे,
एक साउंड एडिटर,
ठाणे